‘श्यामची आई’ : अर्ध्या पुस्तकाचे बक्षीस

गेल्या मे महिन्यात आमच्या मनीषनगरच्या धर्मग्रामात मुलामुलींचे सुट्टीतील शिबिर झाले. निबंधाचा विषय होता ‘माझी आई’, आणि समारोपाच्या दिवशी अकरा मुलांना बक्षीस म्हणून ‘श्यामची आई’ देण्यात आली. पुस्तकाची निवड आमची, खरेदी आमची, आणि दुकानदाराने सुतळीने बांधून दिलेला गठ्ठा न उघडताच टेबलावर मांडण्याचा आळसही आमचाच. या लेखात पुढे जे कठोर शब्द येतील त्यांतील पहिला वाटा आम्ही आमच्याच पदरी घेत आहोत.

दोन रविवारांनंतर मिस्सा आटोपून आम्ही वस्त्रे उतरवीत असता त्या अकरांपैकी एक मुलगा दाराशी येऊन उभा राहिला. त्याने विचारले, “फादर, श्यामची आई कशाने मेली?” आम्ही म्हणालो, “पुस्तकात आहे, शेवटपर्यंत वाच.” तो म्हणाला, “शेवटपर्यंत वाचले. ती मरतच नाही.” आम्ही पुस्तक हाती घेतले. चौसष्ट पृष्ठे, गुळगुळीत कागद, प्रत्येक पानावर रंगीत चित्र. मूळ ग्रंथातील बेचाळीस रात्रींपैकी अकराच रात्री त्यात होत्या, आणि धाकट्या भावासाठी श्याम पैसे साठवून कोट शिवून आणतो त्या प्रसंगावर पुस्तक हसतमुखाने संपत होते. मलपृष्ठावर मात्र लेखकाने आपल्या दिवंगत आईच्या आठवणी सांगितल्या आहेत, असे छापले होते. मुलाची शंका रास्त होती. आई दिवंगत झाली म्हणता, मग ती झाली कशी?

हा मुलगा हे का विचारीत होता, ते आम्हांस ठाऊक होते. त्याच्या वडिलांचे छोटे दुकान बुडाले आहे. हप्ते थकले आहेत. वसुलीची माणसे दाराशी येतात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात, नातेवाइकांना दूरध्वनी करतात. घरातल्या आईचा चेहरा त्या काळात कसा होतो हे त्या मुलाने पाहिले आहे. आणि ज्या मराठी पुस्तकात नेमका तोच चेहरा, तीच ओटी, तोच वसुलीचा माणूस शंभर वर्षांपूर्वीच्या कोकणात उभा केलेला आहे, त्या पुस्तकाचे नाव छापलेले एक वेष्टन आम्ही त्याच्या हाती दिले होते. आतला माल काढून घेऊन.

साने गुरुजींच्या निधनानंतर साठ वर्षे पूर्ण झाली आणि १ जानेवारी २०११ पासून त्यांचे सारे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त झाले. हे उत्तम झाले. ‘श्यामची आई’ आता स्वस्तात मिळते. परंतु कोणीही छापू शकतो याचा अर्थ कोणीही कापू शकतो असाही लावला गेला. संक्षिप्त, सचित्र, ‘संस्कारक्षम’ असे शिक्के मारलेल्या प्रती निघाल्या. काय ठेवावे आणि काय गाळावे याचा या मंडळींचा निकष सोपा आहे. जिथे आई शिकवते आणि मूल ऐकते ते ठेवावे; जिथे घर मोडते ते गाळावे. फुलांच्या कळ्या तोडू नयेत हे ठेवावे, बिनमिठाची भाजी वडील मुकाट्याने खातात हे ठेवावे, पत्रावळ लावावयास शिकावी हे ठेवावे. कर्ज, जप्ती, डवंडी, आजार आणि मृत्यू हे मुलांना झेपणार नाही. आम्ही विचारतो, ज्या मुलांच्या घरी हे सर्व घडत आहे त्यांना ते आधीच झेपवावे लागत नाही काय?

मूळ पुस्तक ज्यांनी अलीकडे वाचले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पालगड हे रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील गाव. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी तेथे झाला. घराणे खोताचे, म्हणजे एके काळी गावात मान असलेले. मग वाटण्या, कोर्टकचेऱ्या आणि कर्ज. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी हे लेखन सुरू झाले आणि १३ तारखेच्या पहाटेपर्यंत, पाच दिवसांत, त्याचा बहुतांश भाग लिहून झाला. पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. आश्रमातील मित्रांना श्याम रात्रीमागून रात्र आपल्या आईच्या आठवणी सांगतो, एवढीच रचना. आरंभीच्या रात्री अंगणात, झाडाखाली, नदीवर घडतात. पुढे हळूहळू पुस्तक घरात शिरते, आणि मग घरच उरत नाही.

सावकाराचा माणूस वसुलीस येतो. घरच्या धन्यास तो वाटेल ते बोलतो. घरातल्या बाईविषयी अभद्र बोलावयासही कचरत नाही. वडील मान खाली घालून ऐकतात. आजवर पडद्याआड असलेली आई तेव्हा पुढे येते आणि त्या माणसाला ओटीवरून चालते व्हावयास सांगते. आदर्श आईच्या निबंधात हा प्रसंग आम्ही आजवर एकदाही वाचलेला नाही. पुढे जप्ती येते. भर गावात डवंडी पिटली जाते, आणि शाळेत मुले धाकट्या भावाला त्या डवंडीवरून चिडवतात. घरात तेल असते तर मीठ नसते. आई खंगत जाते. श्याम शिक्षणासाठी दूर आहे. तो घरी पोहोचतो तेव्हा ती राहिलेली नसते. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. ती तापाने मेली असेल, पण त्याच्या आधी ती अब्रूच्या धास्तीने आणि सततच्या चिंतेने मरू लागली होती. लेखकाने हे लपविले नाही. लपविले ते आम्ही.

आमच्या वस्तीलगतचा वर्धा मार्ग धरून सत्तरएक किलोमीटर गेले की पवनार लागते. त्याच पवनारचे रहिवासी झालेल्या विनोबांची गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात बसून शब्दशः उतरवून घेतली, हे पुष्कळांना माहीत असते. पवनारजवळच दत्तपूर येथे १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि मुलांसह जीवन संपविले, हे तितक्यांना माहीत नसते. आणि ज्यांना असते ते या दोन गोष्टी एका वाक्यात आणीत नाहीत. विदर्भात राहून ‘श्यामची आई’तून कर्जाच्या रात्री गाळणे म्हणजे शुभवर्तमानातून गुड फ्रायडे गाळणे आहे. अशी प्रत काढणाऱ्यास आम्ही काय म्हणू, ते येथे लिहीत नाही.

पुस्तक वाटणाऱ्यांइतकाच दोष पुस्तकास हसणाऱ्यांकडे जातो. ‘रडके पुस्तक’ असे म्हणून मोकळे होण्याची पद्धत आमच्या महाविद्यालयीन दिवसांपासून आहे. या पुस्तकात रडणे पुष्कळ आहे, हे आम्ही नाकारीत नाही. काही ठिकाणी ते आम्हांसही जड जाते. याच दशकात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होत होती. त्यांतील लक्ष्मीबाई दारिद्र्याकडे पाहून हसतात आणि वाचकालाही हसवतात. त्या विनोदाची धार श्यामजवळ नाही. पण ज्या आईला रडूबाई ठरविले जाते ती पोहावयास भिऊन माळ्यावर लपलेल्या मुलास शिंपटीने झोडपून विहिरीवर पाठविते, हेही त्याच पुस्तकात आहे. आपल्या मुलास कोणी भित्रा म्हणू नये, एवढीच तिची इच्छा. आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि वनमाला यांच्या रूपाने ही आई घरोघर पोहोचली. तेव्हापासून पुष्कळांनी पुस्तकाऐवजी आठवणीतले हुंदकेच वाचले असावेत, अशी आमची शंका आहे.

धर्मग्रामाच्या सभेत एका शिक्षिकाबाईंनी वेगळी सूचना केली. त्या म्हणाल्या, “फादर, मुलांना आनंदी पुस्तक द्या ना. गावातल्या मुलाची गोष्टच हवी असेल तर आनंदी मुलाची द्या.” आम्हांस हसू आले, कारण अगदी त्याच नावाचे एक पुस्तक आम्ही सेमिनरीत असताना वाचले होते. ‘आनंदी मुलगा’ ही नॉर्वेच्या ब्यर्न्स्तेर्ने ब्यर्नसन यांची १८६० सालची कादंबरिका. इंग्रजी अनुवादात ती आमच्या हाती आली. लेखक एका लुथरन पाळकाचे पुत्र. त्यांनी पुढे नॉर्वेचे राष्ट्रगीत लिहिले आणि १९०३ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळविले. कथा ओयविन नावाच्या खेड्यातील मुलाची. एक चिमुरडी मुलगी त्याच्यापाशी येते, गोड पोळी देऊ करते आणि बदल्यात त्याची शेळी मागते. तो पोळीच्या मोहात शेळी देऊन बसतो आणि मग रडतो. हा प्रसंग इतका गोड आहे की पुष्कळ वाचक तेवढाच लक्षात ठेवतात.

पण ती मुलगी मोठ्या जमीनदार घराची नात असते, आणि ओयविन हा दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून त्या बदल्यात धन्याच्या शेतावर राबणाऱ्या कुळाचा मुलगा. हे अंतर त्याला शाळेत असेपर्यंत कळत नाही. दृढीकरणाच्या वयात कळते आणि जिव्हारी लागते. मंदिरात पहिल्या क्रमांकावर उभे राहता यावे म्हणून तो ईर्षेने अभ्यास करतो, आणि त्याचे म्हातारे गुरुजी ती ईर्षा ओळखून त्याला त्याच्याच मनाचा तळ दाखवितात. या गुरुजींच्या स्वतःच्या आयुष्यात बापाच्या एका घड्याळावरून भावाशी आलेला दुरावा आहे, जो मरणाच्या दारापर्यंत मिटला नाही. आनंदी पुस्तक म्हणतात ते हे. पुढे ओयविन शेतकीशाळेत शिकतो, परतून म्हाताऱ्या जमीनदाराच्या विस्कटलेल्या शेतीस वळण लावतो आणि नातीशी विवाह करतो. शेवट खरोखर आनंदाचा आहे. तो शेवट फुकट आलेला नाही, एवढेच आम्हांस त्या बाईंना सांगावयाचे होते. आणि ब्यर्नसन यांच्याही पुस्तकातून फक्त शेळी आणि पोळी ठेवली तर उरते ते बालगीत.

ओयविनला शेतकीशाळा मिळाली म्हणून तो आनंदी झाला. पालगडच्या घराला असे काहीच मिळाले नाही. दोन्ही पुस्तकांत आई चांगली आहे, बाप कष्टाळू आहे, मूल गुणी आहे. फरक संस्कारांचा नाही. ‘संस्कार असले की सर्व ठीक होते’ हे जे सूत्र बक्षीस समारंभांतून मुलांच्या गळी उतरविले जाते, त्याला या दोन्ही पुस्तकांत आधार नाही. श्यामच्या आईइतके संस्कार कोणत्या घरात असणार? तरी घर लिलावात गेले.

आता नागपुरात हे पुस्तक वाचताना जी रात्र सर्वांत अधिक थांबावयास लावते तिच्याविषयी. डोक्यावरची मोळी खाली पडलेली एक महार समाजातील म्हातारी रस्त्यात उभी आहे. ती मोळी पुन्हा डोक्यावर चढविण्यास कोणी हात लावीत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे. आणि घरी येऊन आंघोळ कर, असेही सांगते. पहिले वाक्य सर्व संक्षिप्त प्रती छापतात. दुसरे आमच्या हातातील प्रतीत नव्हते. संपादकास बहुधा आईची लाज वाटली असावी.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या शहरात डॉक्टर आंबेडकरांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली, त्या शहरात ही आंघोळ पुसून टाकण्याचा अधिकार कोणासही नाही. आमच्या बाकांवर बसणाऱ्या कित्येकांच्या पणज्यांनी अशाच मोळ्या वाहिल्या आहेत. (आणि जात आमच्या वेदीच्या पायरीपाशी येऊन थांबली, असेही आम्ही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. तो आम्ही टाळीत आलो आहोत.) साने गुरुजींनी ही आंघोळ लिहून ठेवली. ज्या आईस ते देवाच्या खालोखाल मानीत होते तिची मर्यादा त्यांनी झाकली नाही. आणि मग त्यांनी काय केले? १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून महाराष्ट्र पालथा घातला, १ मे रोजी उपोषणास बसले आणि १० मे पर्यंत बसून राहिले. मंदिर उघडले. आईने सांगितलेली आंघोळ मुलाने पुढे केली नाही. याला आम्ही मातृभक्ती म्हणतो. आईचे शब्द गिरविणे आणि आईने दाखविलेल्या दिशेने आईच्याही पुढे जाणे, या दोहोंत हे पुस्तक दुसऱ्या बाजूस उभे आहे. आज्ञाधारक मुले घडविण्यासाठी ते वापरणाऱ्यांनी एकदा लेखकाच्या आयुष्याकडे पाहावे. अमळनेरच्या शाळेतील नोकरी १९३० साली सोडून तुरुंगात जाणारा हा शिक्षक, खानदेशातील शेतकऱ्यांच्या शेतसाऱ्यासाठी आणि गिरणीकामगारांसाठी झगडणारा हा कार्यकर्ता, कोणाच्या आज्ञेत होता?

आमच्यातीलच काहींचा आक्षेप आहे की हे पुस्तक व्रते, श्राद्धे आणि पुनर्जन्म यांनी भरलेले आहे. ते ख्रिस्ती मुलांना कशाला? या आक्षेपास आम्ही फार जागा देणार नाही. ज्या घराचा तो धर्म होता त्या घराची ती गोष्ट आहे. कवी नारायण वामन टिळकही त्याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. प्रभू येशूला वाहिलेली त्यांची गीते ज्या भाषेत आपण गातो ती त्याच मातीतल्या आयांनी, त्याच व्रतांच्या घरांत, त्यांना दिली.

दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो हळू आवाजात केला जातो. साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी मुंबईत स्वतःच्या हाताने जीवन संपविले. धर्मगुरूने अशा माणसाचे पुस्तक मुलांना का द्यावे?

उत्तर देण्यापूर्वी आमच्या घरची गोष्ट सांगणे भाग आहे. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनुसार जाणूनबुजून स्वतःचा जीव घेणाऱ्यास ख्रिस्तसभेची दफनविधी नाकारली जात असे. जुन्या दफनभूमींच्या कुंपणाबाहेर ज्या कबरी आहेत त्या कोणाच्या, हे गावातील वृद्ध सांगतात. १९८३ च्या संहितेतून हा निर्बंध गेला. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की तीव्र मानसिक यातना, भय किंवा छळ यांमुळे अशा व्यक्तीची जबाबदारी उणावते, आणि अशांच्या तारणाची आशा सोडू नये. आम्ही सेमिनरीत शिकत होतो त्याच वर्षांत हे आले. कृत्य चुकीचे आहे हे आम्ही आजही शिकवितो. माणूस कुंपणाबाहेर टाकावयाचा नाही, हेही शिकवितो. स्वतंत्र भारतात गांधीहत्या पाहिलेला, त्यानंतर एकवीस दिवसांचा उपवास केलेला, १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू करून द्वेष थांबवा असे विनवणारा तो माणूस आतून कसा विझत गेला हे त्याच्या निकटवर्तीयांनाही वेळेवर उमगले नाही. ज्या प्रदेशात दर हंगामात कोणाच्या तरी दारी ही बातमी येते, तेथे या लेखकाचे मरण लपवून त्याला ‘मातृहृदयी’ या एका विशेषणात बंद करणे आम्हांस परवडणारे नाही. मुलांनी विचारले तर आम्ही खरे सांगू, त्यांच्या वयास शोभेल अशा शब्दांत. आणि हेही सांगू की अशा अंधारात असलेल्या माणसाने बोलावे, रात्रीचे दोन वाजले तरी धर्मग्रामाच्या घराची घंटा वाजवावी.

त्या मुलाचे वडील एके रात्री घरातून निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले. कोठे होते ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. आता आठवड्यातून एकदा ते आमच्याकडे येऊन बसतात. आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त बँक अधिकारी त्यांच्या कागदांची फाईल लावून देत आहेत. मुलास आम्ही आमच्या कपाटातील जुनी, पिवळ्या पानांची संपूर्ण प्रत दिली. कर्जाची रात्र वाचून तो म्हणाला, “म्हणजे त्यांच्याकडेपण येत होते.” आमच्या तीस वर्षांच्या उपदेशांतून त्या घरास जे मिळाले नव्हते ते त्या वाक्यात त्याला मिळाल्यासारखे दिसले.

उरलेल्या दहा घरांस ही विनंती. शिबिरात मिळालेली चौसष्ट पानांची प्रत घेऊन कोणत्याही रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर यावे. चित्रे आवडली असतील तर तीही ठेवून घ्यावी, हरकत नाही. बेचाळीस रात्रींच्या दहा प्रती आणून ठेवल्या आहेत. या वेळी गठ्ठा सोडून, प्रत्येक प्रतीची पाने आम्ही स्वतः मोजली आहेत.